थंडीत रुसलेली डिझेल गाडी

जानेवारीतली पहाट. दिल्लीवर दाट धुके पसरलेले. नागपूरची ट्रेन पकडायची म्हणून सामान डिकीत भरून झाले आहे, मुले स्वेटर-मफलरमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर बसली आहेत आणि आजीच्या हातात प्रवासाचा डबाही आला आहे. किल्ली फिरवली की इंजिन जडपणे दोनचार वेळा घरघरते, पांढऱ्या धुराचा लोट सोडते आणि गप्प होते. पुन्हा किल्ली, पुन्हा घरघर. चौथ्या-पाचव्या वेळेला बॅटरीही हात टेकते. शेजारच्यांची पेट्रोलची छोटी गाडी मात्र एका झटक्यात सुरू होऊन निघूनही जाते.

ज्यांनी दिल्ली, नोएडा, गाझियाबाद किंवा फरीदाबादमध्ये जुनी डिझेल अॅम्बॅसेडर, सुमो, इंडिका किंवा महिंद्राची जीप सांभाळली आहे, त्यांना हे दृश्य नवे नाही. अशा वेळी कुणीतरी हमखास सल्ला देते, 'इंजिनला हीटर बसवून घ्या.' सल्ला वाईट नाही. पण कोणता हीटर, तो असतो कुठे, जोडायचा कसा आणि दिल्लीच्या थंडीत त्याची खरेच गरज आहे का, हे समजून न घेता पैसे खर्च केले तर गाडी पुढच्या पहाटेही रुसलेलीच राहते.

डिझेलला थंडी का बाधते?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. आत घेतलेली हवा पिस्टन दाबत नेतो. जुन्या डिझेल गाड्यांत ती मूळ आकारमानाच्या विसाव्या-बाविसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तोच हा प्रकार, फक्त कित्येक पटींनी मोठा. दाबलेली हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो.

थंडीत ही साखळी तुटते. रात्रभर गार पडलेले लोखंड हवेतली उष्णता शोषून घेते. इंजिनातले ऑइल मधासारखे घट्ट होते, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. इंजिन हळू फिरले की दाबली जाणारी हवा पिस्टनच्या कडेने निसटते आणि पुरेशी तापत नाही. एक्झॉस्टमधून येणारा पांढरा धूर म्हणजे न पेटलेले डिझेलच. डोळे चुरचुरवणारा तो वास पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात सगळ्यांत आधी पोचतो, हेही विसरायला नको.

गावाकडे विहिरीवरचे किर्लोस्करचे इंजिन हँडल मारून सुरू करणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातले मर्म चटकन कळेल. आधी दाब सोडणारी कळ उचलायची, हँडल जोरात फिरवून वेग आणायचा आणि मगच कळ सोडायची. सगळा खेळ वेगाचा आणि उष्णतेचा!

एक शब्द, तीन वस्तू

दिल्लीतल्या गॅरेजमध्ये जाऊन नुसते 'हीटर' म्हटले तर गोंधळ नक्की होतो, कारण गाडीत या नावाने तीन निरनिराळ्या वस्तू ओळखल्या जातात.

पहिला, आत बसणाऱ्यांना ऊब देणारा हीटर. तो इंजिनच्याच गरम पाण्यावर चालतो, तेव्हा इंजिन सुरू करायला त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसरा हीटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग. पेन्सिलीच्या टोकासारखी ही धातूची कांडी प्रत्येक सिलिंडरमध्ये असते. बॅटरीवर ती काही सेकंदांत लालभडक होते आणि डिझेल पेटायला मदत करते. मेकॅनिक 'हीटर उडाला' म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा हाच प्लग म्हणायचा असतो.

तिसरा इंजिन ब्लॉक हीटर. हा बॅटरीवर नव्हे, तर घरच्या विजेवर चालतो. बादलीतले पाणी तापवायच्या रॉडचे हे धाकटे भावंड म्हणा. तो इंजिनच्या भिंतीत बसवलेला असतो आणि इंजिनभोवती खेळणारे पाणी, म्हणजे कूलंट, रात्रभर किंवा पहाटे दोनतीन तास कोमट ठेवतो. पाणी कोमट म्हणजे लोखंड कोमट, ऑइलही जरा सैल, आणि गाडी एका झटक्यात सुरू.

या वस्तूचा जन्म बर्फाळ मुलखातला. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स गावच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी अशा हीटरचे पेटंट १९४९ मध्ये मिळवले. त्यांचा हीटर इंजिनच्या माथ्यावरच्या बोल्टच्या जागी बसत असे. आज कॅनडातल्या विनिपेग, एडमंटन यांसारख्या शहरांत गाडीच्या नाकातून लोंबणारी विजेची वायर आणि पार्किंगमध्ये प्रत्येक जागेपुढे प्लगचा खांब ही रोजची गोष्ट आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात हा धडा शिकावाच लागतो. उणे २५ अंशांत डिझेलच काय, पेट्रोलची गाडीही कुरकुरते.

दिल्लीची थंडी तेवढी आहे का?

दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान उणे ०.६ अंश आहे आणि ते १६ जानेवारी १९३५ चे आहे. अलीकडे १ जानेवारी २०२१ ला पारा १.१ अंशावर उतरला होता. एरवी कडाक्याची म्हणावी अशी पहाट ३ ते ६ अंशांची असते. आपल्याला ती बोचते खरी, पण धडधाकट डिझेल इंजिनाला हीटर प्लगच्या मदतीने एवढ्या थंडीत सुरू होता आलेच पाहिजे. कारखान्याने गाडी याच हिशेबाने बनवलेली असते.

डिझेल गोठण्याची भीतीही दिल्लीत नसते. भारतीय मानकानुसार हिवाळ्यात विकल्या जाणाऱ्या डिझेलचा गोठणबिंदू ३ अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. उन्हाळ्यासाठी हीच मर्यादा १५ अंश आहे. लडाखची गोष्ट अगदी वेगळी. तिथे उणे २०-२५ अंशांत साध्या डिझेलमधले मेण सुटते आणि फिल्टर तुंबतो. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले, आणि ते तयार झाले दिल्लीच्या उशाशी असलेल्या पानिपतच्या रिफायनरीत. पानिपत म्हटले की मराठी मनाला दुसरेच काही आठवते, पण असो.

इथे एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ब्लॉक हीटर इंजिन तापवतो, डिझेलची टाकी नव्हे. मैदानात टाकी भरून कुणी ऐन थंडीत उंच पहाडात गेले आणि डिझेल टाकीतच थिजले, तर ब्लॉक हीटर काही करू शकत नाही.

तेव्हा दिल्लीत गाडी पहाटे रुसत असेल तर आधी ही परीक्षा घ्या. तीच गाडी दुपारच्या उन्हात चार-पाच तास उभी राहिल्यावर पटकन सुरू होते का? होत असेल, तर दोष थंडीशी निगडित आहे. दुपारीही त्रास देत असेल, तर हीटरचा विचारच सोडा. नोझल, पंपाचे टायमिंग किंवा झिजलेले सिलिंडर तपासून घ्या. कधी कधी डिझेलच्या पाइपात हवा शिरते आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरते. फिल्टरवरचा हातपंप आठ-दहा वेळा दाबल्यावर गाडी सुरू झाली, तर समजा की लाइन कुठेतरी हवा धरते आहे. वायसर बदलून होणाऱ्या कामासाठी लोक नवी बॅटरी विकत घेताना पाहिले आहेत.

आधी हीटर प्लग

दोष थंडीचाच ठरला तर पहिला संशयित हीटर प्लग. किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचे आणि मगच स्टार्टर मारायचा. घाईच्या पहाटे नेमके हेच विसरले जाते. फार थंडी असेल तर दिवा विझल्यावर किल्ली बंद करून पुन्हा एकदा प्लग तापवून घ्यावेत. जुन्या जीप-अॅम्बॅसेडरसारख्या गाड्यांत यासाठी वेगळे बटण असते. ते वीस-तीस सेकंद दाबून धरावे लागते.

प्लग तपासायला गॅरेज गाठायची गरज नाही. इंजिन थंड आणि किल्ली बंद असताना प्लगांना जोडणारी पट्टी किंवा वायर काढा. बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक एकेका प्लगच्या माथ्याला टेकवा. दिवा लागला तर प्लगमधून वीज वाहते आहे, नाही लागला तर प्लग गेला. चारांपैकी दोन गेले असतील तर थंडीत गाडी उरलेल्या दोन सिलिंडरांवर कशीबशी उठते आणि थरथरत राहते. फार जुन्या गाड्यांत प्लग माळेतल्या दिव्यांसारखे एकामागून एक जोडलेले असत. तिथे एक गेला की सगळे बंद! सर्व प्लग शाबूत असूनही तापत नसतील तर रिले किंवा फ्यूज पाहावा.

सोबत बॅटरीची टोके गरम पाण्याने धुऊन घट्ट करा आणि इंजिनपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी साफ करा. ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच भरा. एवढे केल्यावर दिल्लीतल्या बहुसंख्य गाड्या पहिल्या-दुसऱ्या किल्लीला सुरू होतात. खर्च ब्लॉक हीटरच्या मानाने किरकोळ.

ब्लॉक हीटर शोधायचा कुठे?

भारतात विकल्या गेलेल्या डिझेल गाड्यांत ब्लॉक हीटर सहसा नसतो. पण दिल्ली ही वकिलातींची नगरी. परदेशातून आलेल्या आणि पुढे इथेच विकल्या गेलेल्या मर्सिडीज, व्होल्वोसारख्या जुन्या गाड्यांत तो असू शकतो, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि बॅटरीची वायर सोडा. आधी समोरच्या जाळीमागे किंवा बंपरजवळ पाहा. टोकाला घरगुती प्लग असलेली जाडजूड वायर तिथे गुंडाळून बांधलेली सापडली, तर काम सोपे झाले. तीच वायर धरून मागे जायचे. वायर नसेल तर टॉर्च घेऊन इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पाहा. ओतीव ब्लॉकच्या भिंतीवर रुपयाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या, वाटीसारख्या गोल पत्र्याच्या टोप्या ठोकून बसवलेल्या दिसतील. ब्लॉक ओतताना आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली ही भोके. ब्लॉक हीटर यांपैकीच एका भोकात, टोपी काढून बसवलेला असतो. बाहेरून तो दोन किंवा तीन पात्यांच्या छोट्या सॉकेटसारखा दिसतो. एक्झॉस्टच्या पाइपाखाली किंवा डिझेल पंपाच्या मागे दडलेला असल्याने नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही. छोटा आरसा हाताशी ठेवा.

पाण्याच्या तापमानाचा आणि ऑइलच्या दाबाचा सेन्सर याच भागात असतो. त्यांची वायर मात्र बारीक असते आणि ती गाडीच्या इतर वायरांतच मिसळते. त्यांत घरची वीज सोडली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. इतर काही गाड्यांत हीटर रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपात बसवलेला असतो, तर काहींत ऑइलच्या तव्याखाली चिकटवलेला पॅड असतो.

परदेशी भेट जपून वापरा

समजा, तुमचे दीर कॅनडात आहेत आणि येताना त्यांनी प्रेमाने एक ब्लॉक हीटर आणला. तो तिथल्या १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो, आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झाले की उष्णताही दुप्पट होईल असे वाटते, पण ती होते जवळजवळ चौपट. ४०० वॅटचा हीटर आपल्या सॉकेटमध्ये सुमारे १,४७० वॅट ओढू लागतो. मग तो जळतो किंवा वायर वितळते. वहिनींना वाईट वाटेल म्हणून हा प्रयोग करू नका! हीटरवर २३० किंवा २४० व्होल्ट असे स्पष्ट कोरलेले असेल तरच तो वापरायचा. शिवाय भोकाचा व्यास मिलिमीटरपर्यंत जुळावा लागतो. 'ठोकून बसवू' म्हणणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून परत या, कारण सैल बसलेला हीटर हायवेवर सगळे पाणी सोडून देईल.

गाडीत आधीपासूनच हीटर असेल तर जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासा. २३० व्होल्ट, ५०० वॅटच्या हीटरच्या दोन पात्यांमध्ये साधारण १०६ ओहम रोध दिसतो. रोध अनंत दाखवला तर आतली तार तुटलेली आहे. १२० व्होल्टच्या हीटरचा रोध बराच कमी, ४०० वॅटचा जवळपास ३६ ओहम भरतो. म्हणजे अक्षरे पुसली गेली असली तरी मीटर त्याचे मूळ सांगून जातो. कोणतेही पाते आणि इंजिनचे लोखंड यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर गाडीच्या सबंध पत्र्यात वीज उतरू शकते. असा हीटर वापरायचा नाही.

जोडताना

रेडिएटर आणि इंजिन कूलंटने पूर्ण भरलेले असल्याची खात्री करा. बादलीतला रॉड पाण्याबाहेर सुरू ठेवला की जातो, तसाच हा हीटरही हवेत जळतो. वायरचे टोक हीटरच्या पात्यांवर शेवटपर्यंत दाबून बसवा. वायर एक्झॉस्ट, पंखा, पट्टा आणि अॅक्सिलरेटरच्या तारेपासून दूर ठेवत समोर जाळीपर्यंत आणा आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जागोजागी बांधा. बाहेरच्या टोकाला टोपी हवी, कारण पावसाळ्यात तिथे चिखल उडणार.

भिंतीतला सॉकेट तीन पिनांचा आणि खरोखर अर्थिंग असलेला हवा. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच असावाच. जानेवारीत दिल्लीतल्या प्रत्येक वस्तूवर दव साचलेले असते, त्यामुळे इथे काटकसर नको. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीतून जोड दिलेली वायर खाली सोडण्याचा विचार मनातून काढून टाका. खाली मुले खेळतात, कुत्री गाडीखाली झोपतात. घराला स्वतःचे पोर्च असेल तरच ब्लॉक हीटरच्या वाटेला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रभर हीटर सुरू ठेवण्याने काही साधत नाही. दोनतीन तास पुरतात. टायमर लावून पहाटे तीनला सुरू केला आणि सहाला निघालात, तर ५०० वॅटच्या हीटरला दीड युनिट वीज लागते. निघण्यापूर्वी आधी भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा, मगच गाडीला हात लावा. हीटर जोडला की स्टिअरिंगवर एक लाल रिबन बांधून ठेवण्याची युक्ती चांगली आहे. विसरून गाडी पुढे घेतली तर वायर तुटते आणि तुटलेल्या टोकात वीज असते.

हायवेवरच्या ढाब्यांपाशी इंजिनखाली चिंध्या पेटवून किंवा कोळशाची शेगडी सरकवून ऑइल तापवणारे ड्रायव्हर दिसतात. घरच्या गाडीखाली हे करू नये. जुन्या इंजिनखाली ऑइल आणि डिझेल ठिबकलेले असतेच. हवेच्या तोंडाशी इथरचा स्प्रे मारणे हा दुसरा धोका. आत हीटर प्लग लाल झालेला असेल तर स्फोटच होतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्याने पंपाचे वंगण जाते आणि तो खर्च सगळ्यांत मोठा.

खर्चाआधी नोंदणीचे पुस्तक पाहा

दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाडीवर पैसे घालण्याआधी आणखी एक कागद पाहावा लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर इथे बंदी घातली आणि २९ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तिची अंमलबजावणी करायला सांगितले. १२ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने अशा मालकांवर केवळ वयाच्या कारणाने कारवाई करू नये असा आदेश दिला, पण १७ डिसेंबर २०२५ ला हा दिलासा बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरताच ठेवला. हिवाळ्यात हवा फारच बिघडली की बीएस-४ डिझेल मोटारींनाही दिल्ली आणि आसपासच्या जिल्ह्यांत काही दिवस मनाई होते. म्हणजे ज्या दिवसांत गाडी रुसते, नेमक्या त्याच दिवसांत ती रस्त्यावर आणता येईलच असे नाही.

वडिलांनी घेतलेली अॅम्बॅसेडर भंगारात द्यायला मन होत नाही. अशी कुटुंबे परिवहन कार्यालयाकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन गाडी दुसऱ्या राज्यात पाठवतात. तिथेही पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तेव्हा ज्या जिल्ह्यात पाठवायची तिथल्या कार्यालयात आधी चौकशी करा. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला गाडी जाणार असेल, तर तिथेही कित्येक हिवाळ्यांत पारा ५ अंशांखाली उतरतो. ब्लॉक हीटर नको, पण चारही हीटर प्लग नवे घालून मगच गाडी रवाना करा आणि काढलेल्यांपैकी जे चांगले असतील ते कागदात गुंडाळून डिकीत ठेवायला सांगा.